गंगाजळी

ग्वाल्हेरच्या महाराज बाड्यावर उभं राहिलं की गुंतवणुकीचे बहुतेक पंथ एकाच चौकात भेटतात. उंच खांबांचं पोस्ट, तिथेच स्टेट बँकेची जुनी इमारत, आणि चार पावलांवर सराफा. शेअर बाजाराला मात्र इथे इमारत नाही. तो पोस्टाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या नातवाच्या फोनमध्ये असतो.

एजी ऑफिसातून (महालेखापालांच्या कचेरीतून) निवृत्त झालेले काका म्हणतात, पोस्टात टाका आणि निवांत झोपा. सराफ्यातून पिशवी छातीशी धरून निघालेल्या काकू म्हणतात, अडीनडीला सोनंच धावून येतं. नातू म्हणतो, आजोबा, महागाई तुमचे पैसे खातेय. तिघांचंही खरं आहे, म्हणून तर ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत हा वाद वर्षानुवर्षं मिटत नाही. वाद होतो टक्क्यांवर: सात की बारा, की सोन्याने यंदा दिले तितके. टक्के मोजायला सोपे असतात. त्यांच्यामागचा दुसरा प्रश्न सहसा कुणी काढत नाही: ज्या दिवशी हा पैसा लागेल, त्या दिवशी तो कुठल्या अवस्थेत असेल?

मराठीत राखीव पैशाला आपण गंगाजळी म्हणतो. रिझर्व्ह बँकेची परकीय चलनाची गंगाजळी दर आठवड्याला वर्तमानपत्रात असते. ग्वाल्हेरात हा शब्द थोडा वेगळा वाजतो, कारण इथे गंगाजळी हे शिंद्यांच्या खजिन्याचं नाव होतं. किल्ल्याच्या पोटात गुप्त तळघरं, त्यांत सोनं-चांदी-जवाहीर, आणि वाट दाखवणारं बीजक फक्त गादीवरच्या राजाला ठाऊक, त्याने ते वारसाला सांगायचं, अशी ती व्यवस्था सांगतात. १८८६ मध्ये महाराज जयाजीराव गेले तेव्हा त्यांचे वारस माधवराव नऊ वर्षांचे होते. बीजक सांगायचं राहून गेलं. खजिना जिथल्या तिथे होता, कुणी लुटला नव्हता, भावही पडला नव्हता. तरी दरबारच्या दृष्टीने तो नसल्यात जमा झाला. पुढे माधवरावांच्या काळात तो हाती लागला, आणि त्यानंतरचं वळण गुंतवणुकीच्या दृष्टीने जास्त रंजक आहे. टाटांच्या पोलाद कंपनीने १९०७ मध्ये शेअर विकून भांडवल उभं केलं, पण कारखाना चालवायला खेळतं भांडवल कमी पडू लागलं. तेव्हा चार लाख पौंडांचे डिबेंचर काढले गेले, आणि ते सगळेच्या सगळे ग्वाल्हेरच्या महाराजांनी घेतले.

शेअर नव्हे, डिबेंचर. या निवडीतच जोखमीची अर्धी शिकवण आहे. डिबेंचरवाला कंपनीला कर्ज देतो. व्याज ठरलेलं आणि हिशेबात आधी त्याचा हक्क. शेअरवाला उरलंसुरलं घेतो: भरपूर उरलं तर भरपूर, नाही उरलं तर काहीच नाही. १९२४ मध्ये ती कंपनी बुडायच्या काठावर आली होती. पगाराला पैसे नव्हते आणि दोराबजी टाटांनी घरचं जडजवाहीर गहाण टाकून कर्ज उभं केलं. सामान्य शेअरधारकांना कित्येक वर्षं लाभांश दिसला नाही. ज्यांनी शेअर धरून ठेवले त्यांच्या नातवंडांनी पुढे काय पाहिलं ते सर्वांना ठाऊक आहे. पण धरून ठेवणं ज्यांना परवडलं, त्यांनीच ते पाहिलं. मुलीचं लग्न काढलेलं असताना १९२४ उजाडलं, तर उत्तम कंपनीचा शेअरही वाईट गुंतवणूक ठरतो.

म्हणून भाव खाली गेला याला मी जोखीम म्हणत नाही. भाव खाली असताना विकायची पाळी आली, तर ती जोखीम. पोस्ट, बँक, सराफा आणि नातवाचा फोन हे सगळं या एका मापाने तपासलं की टक्क्यांच्या भांडणातला बराच धूर निघून जातो.

आधी पोस्ट आणि बँक. इथे विकायची पाळी आली तरी मुद्दल शाबूत असतं; धोका येतो तो हळूहळू, वाळवीसारखा. सात टक्क्यांची एफडी घ्या. तीस टक्क्यांच्या करपट्टीतल्या इंजिनियरला उपकर धरून हातात ४.८ टक्के पडतात. महागाई पाच टक्के असेल तर त्याचा पैसा दर वर्षी जरा जरा आटतो. हीच एफडी त्याच्या आईच्या नावावर, तिच्याच पैशाची, असेल आणि तिचं उत्पन्न नव्या करपद्धतीत २०२५-२६ पासूनच्या १२ लाखांच्या सवलतीत बसत असेल, तर तिला पूर्ण सात मिळतात. एकच पावती एका घरात दोघांसाठी दोन वेगळ्या गोष्टी. (पण नुसता कर वाचवायला मुलाने आपला पैसा बायकोच्या नावावर फिरवला, तर त्याचं व्याज त्याच्याच उत्पन्नात मिळवलं जातं, आयकरवाले तेवढे भोळे नाहीत.)

बँकेतल्या ठेवीला विमा असतो तो माणशी, बँकेमागे ५ लाखांचा, तोही ४ फेब्रुवारी २०२० पासून. त्याआधी तो एकच लाख होता. या पाच लाखांत व्याज धरलेलं असतं आणि एकाच बँकेच्या सगळ्या शाखांतल्या ठेवींची बेरीज होते. जनकगंजच्या शाखेत पाच आणि मुरारच्या शाखेत पाच ठेवून कुणी निर्धास्त झाला असेल तर त्याने पावत्या पुन्हा काढून पाहाव्यात. संयुक्त खात्यात मात्र पहिलं-दुसरं नाव उलट केलं तर ते वेगळ्या हक्कातलं खातं धरलं जातं. सहकारी बँका अर्धा-एक टक्का जास्त देतात, तो या मर्यादेबाहेरच्या रकमेवर घ्यावा की नाही हे ज्याने त्याने ठरवावं. माझं मत विचाराल तर घेऊ नये. अर्ध्या टक्क्यासाठी रांगेत उभं राहून हजार हजार काढायची पाळी आलेली माणसं २०१९ मध्ये मुंबईने पाहिली आहेत.

एफडीत लोक सहसा चुकतात ते वेगळ्याच ठिकाणी. सगळी रक्कम एकाच पावतीत, एकाच मुदतीला टाकतात. मध्ये एक लाख लागले की दहा लाखांची पावती मोडावी लागते, आणि अर्धा-एक टक्का दंड सगळ्याच रकमेवर बसतो. दहा लाखांच्या दोन-दोन लाखांच्या पाच पावत्या करायच्या: एक, दोन, तीन, चार आणि पाच वर्षांच्या. दर वर्षी एक सुटते, ती पुन्हा पाच वर्षांसाठी लावायची. व्याजदर वाढले तर त्या वर्षीच्या पावतीला वाढीव दर मिळतो, घसरले तर उरलेल्या चार जुन्या दराने चालू राहतात. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. एप्रिल २०२३ च्या तिमाहीपासून तिचा दर ८.२ टक्के आहे आणि व्याज तिमाहीला हातात येतं. वर्षाच्या आत बंद केली तर दिलेलं व्याज परत कापतात, दुसऱ्या वर्षात मोडली तर मुद्दलातून दीड टक्का, त्यानंतर एक टक्का. म्हणजे ती राखीव पैसा ठेवायची जागा नाही, महिन्याच्या खर्चाची जागा आहे. दोन्हींत फरक आहे आणि काउंटरवर तो कुणी समजावून सांगत नाही.

मुदत जितकी लांब, तितकं 'ठरलेलं व्याज' हे सुख दुधारी होत जातं. होळकरांनी खंडवा ते इंदूर रेल्वेसाठी १८७० च्या सुमारास इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं: साडेचार टक्के, मुदत १०१ वर्षं. असा कागद हातात असताना बाजारातला दर साडेपाच झाला, तर त्याची विक्रीची किंमत जवळजवळ १८ टक्क्यांनी पडते. बुडवणारं कुणी नाही, व्याज वेळेवर, तरी किंमत गेली. लांब मुदतीच्या रोख्यांचे फंड 'सरकारी रोखे म्हणजे सुरक्षित' म्हणून घेणाऱ्यांना हे उशिरा कळतं. फंडाच्या माहितीपत्रकात 'मॉडिफाइड ड्युरेशन' असा आकडा असतो. तो सात असेल तर दर एका टक्क्याने वाढल्यावर साधारण सात टक्क्यांची घट. तीन वर्षांनी लागणारा पैसा सात ड्युरेशनच्या फंडात ठेवू नये, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. दुसरा प्रकार कर्जदाराची पत ढासळण्याच्या जोखमीचा: जास्त व्याजाच्या आशेने कच्च्या कंपन्यांचे रोखे घेणाऱ्या योजना. एप्रिल २०२० मध्ये एका मोठ्या फंड घराण्याने सहा डेट योजना एका रात्रीत बंद केल्या. पैसे पुढे परत आले, पण मधल्या काळात ज्याला हॉस्पिटलचं बिल भरायचं होतं त्याला 'पुढे परत आले' याचा काय उपयोग?

सोन्याबद्दल लिहिताना मराठी माणसाचा हात जरा थबकतो, कारण त्यात आजीच्या पाटल्या असतात. पाटल्या ही गुंतवणूक नाही, त्या पाटल्या आहेत. घडणावळ आठ ते वीस टक्के, वर तीन टक्के जीएसटी, खडे असतील तर त्यांचं वजन परत घेताना वजा. दागिना घेतल्या दिवशीच त्याची पुनर्विक्री किंमत पंधरा टक्क्यांनी खाली असते, म्हणजे भाव त्याहून जास्त चढेपर्यंत तोटाच. दागिना घ्यायचाच तर एचयूआयडीचा (हॉलमार्कच्या ओळख क्रमांकाचा) सहा अक्षर-अंकी शिक्का बघून घ्यावा (तो १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचा आहे) आणि बिलात घडणावळ वेगळी लिहून घ्यावी. गुंतवणूक म्हणून सोनं हवं असेल तर गोल्ड ईटीएफ, म्हणजे शेअर बाजारात घेता येणारा सोन्याचा फंड. सार्वभौम सुवर्णरोखे सगळ्यात चांगले होते, वर अडीच टक्के व्याजही देत होते, पण फेब्रुवारी २०२४ नंतर सरकारने नवे काढलेले नाहीत. जुने शेअर बाजारात मिळतात, तिथे भाव नीट पाहून घ्यावेत.

आणि सोनंही पडतं, पडून राहतं. जानेवारी १९८० मध्ये ते औंसाला ८५० डॉलर होतं. तो आकडा पुन्हा दिसायला २००८ उजाडलं. डॉलरच्या तुलनेत रुपया घसरत असल्यामुळे आपल्याला ही मंदी कमी जाणवते, तरी २०१२ ते २०१८ ही सहा वर्षं इथल्या सराफ्यातही भाव जिथल्या तिथेच होता. त्या काळात ईटीएफ विकून बाहेर पडलेली मंडळी आज हळहळतात. सोन्याचं खरं काम शेअर कोसळतात तेव्हाचं. २०२० मध्ये शेअर कोसळले आणि त्याच वर्षी सोन्याने उच्चांक गाठला. घरच्या एकूण पैशात दहा टक्क्यांच्या आसपास सोनं या कामाला पुरतं. त्यापेक्षा जास्त ठेवायचं असेल तर ते भीतीपोटी की भाव चढलाय म्हणून, हे स्वतःला एकदा विचारावं.

शेअर बाजाराचं पहिलं गणित पाठ करावं असं आहे. वीस टक्के पडलं तर भरून यायला पंचवीस टक्के लागतात, पन्नास टक्के पडलं तर शंभर. सेन्सेक्स जानेवारी २००८ मध्ये २१,००० ला शिवून आला आणि मार्च २००९ मध्ये ८,१६० वर बंद झाला. १४ जानेवारी २०२० ला ४१,९५२ आणि २३ मार्चला २५,९८१. त्या एका दिवशी १३ टक्के घसरण. दुसऱ्या वेळी नोव्हेंबरपर्यंत सगळं भरून निघालं, आणि त्या अनुभवावर पोसलेली एक पिढी समजते की घसरण म्हणजे आठ महिन्यांचा सेल. पहिल्या वेळी नवा उच्चांक टिकायला २०१३ ची अखेर गाठावी लागली. जपानचा निक्केई डिसेंबर १९८९ मध्ये ३८,९१५ ला पोचला आणि तिथे परत आला फेब्रुवारी २०२४ मध्ये. चौतीस वर्षं. आपल्याकडे तसं होईल असं मी म्हणत नाही. 'लांब पल्ल्यात बाजार वरच जातो' या वाक्यात पल्ला किती हे लिहिलेलं नसतं, एवढंच.

कुठला शेअर घ्यावा, या प्रश्नावर ग्वाल्हेरचं उत्तर बिर्लानगरात आहे. जियाजीराव कॉटन मिलच्या भोंग्यावर एक सबंध वस्ती उठत-बसत होती: नोकरी, क्वार्टर, किराणा दुकानदाराची उधारी, सगळं एका गिरणीच्या आधाराने. नव्वदच्या दशकात ती गिरणी थंडावली. त्याच उद्योगघराण्याने ग्वाल्हेर रेयॉन ही कंपनी १९४७ मध्ये काढली, जिला आज ग्रासिम म्हणतात. ती कापडावरून नागद्याच्या धाग्यावर, धाग्यावरून सिमेंटकडे गेली आणि वाढली. एकच मालक, एकच गाव, आणि दोघींची नशिबं ही अशी. १९४७ मध्ये यातली कुठली टिकेल हे कोण सांगू शकलं असतं? इंडेक्स फंड म्हणजे निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्यांचे शेअर घेणारा फंड. त्यामागचं शहाणपण इतकंच आहे: सांगता येत नाही हे कबूल करायचं आणि दोन्ही घ्यायच्या. पगार ज्या कंपनीतून येतो तिचेच शेअर साठवत राहणं ही उलट दिशा. भोंगा बंद झाला की दोन्ही हात एकदम रिकामे.

इंडेक्स फंडाचा दुसरा फायदा कंटाळवाणा आहे, म्हणून कुणी सांगत नाही. दहा लाख वीस वर्षं ११ टक्क्यांनी वाढले तर ८०.६ लाख होतात. १० टक्क्यांनी वाढले तर ६७.३ लाख. हा एक टक्का बहुतेक वेळा एजंटच्या कमिशनचा असतो. जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडाची 'डायरेक्ट' आवृत्ती मिळते, तरी आपल्या स्टेटमेंटवर 'रेग्युलर' लिहिलं आहे की 'डायरेक्ट' हे पाहणारे थोडे. ज्याला कुणीतरी हात धरून बाजार पडल्यावर 'विकू नका' सांगणारं हवं आहे, त्याने रेग्युलर खुशाल घ्यावं. तेवढ्या कामाचे तेवढे पैसे रास्त आहेत. फक्त तो माणूस पडत्या बाजारात फोन उचलतो का हे आधी पाहावं.

फ्युचर्स-ऑप्शन्सबद्दल, म्हणजे पुढच्या भावावर लावलेल्या मुदतीच्या सौद्यांबद्दल, एकच आकडा. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं की तीन आर्थिक वर्षांत शंभरातल्या ९३ वैयक्तिक व्यापाऱ्यांना तोटा झाला, आणि एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. चिटफंडांनी ग्वाल्हेर-चंबळ पट्ट्यात किती घरं धुऊन नेली हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. फरक इतकाच की चिटफंडवाला पळून जातो, इथे पळून जायला कुणी नसतं.

एसआयपीविषयी (फंडात दर महिन्याला ठरावीक रक्कम भरण्याविषयी) मात्र थोडं थांबायला हवं, कारण ती धोका कमी करते असं सर्रास सांगितलं जातं. सुरुवातीला करते. दर महिन्याला १०,००० भरणाऱ्याच्या पहिल्या दोन वर्षांत बाजार पडला तर ती पर्वणीच. सगळं स्वस्तात मिळतं. पंधरा वर्षांनंतरचं चित्र पाहा. १२ टक्क्यांनी वाढ धरली तर १८ लाख भरून सुमारे ५० लाख जमतात. आता पुढच्या महिन्याचे दहा हजार म्हणजे एकूण रकमेच्या एक टक्क्याचा पाचवा हिस्सा. या टप्प्यावर २०२० सारखी ३८ टक्क्यांची घसरण आली तर १९ लाख जातात, म्हणजे आजवर भरले त्याहून जास्त. 'सरासरी' पडायला आता नवा पैसाच पुरेसा नाही; हा माणूस आता एकरकमी गुंतवणूकदार झालेला आहे, फक्त त्याला कुणी कळवलेलं नाही. मुलाच्या इंजिनियरिंगची फी जून महिन्यात भरायची असेल तर त्याच्या तीन वर्षं आधीपासून दर तिमाहीला एक बारावा हिस्सा शेअरमधून काढून एफडीत किंवा कमी मुदतीच्या फंडात न्यायला लागावं. शेवटच्या वर्षात बाजार उसळला तर चुकचुकायला होतं. ती चुकचुक हाच या विम्याचा हप्ता.

आता मिश्रण. समजा २० लाख आहेत: १२ शेअरमध्ये, ८ ठेवींमध्ये. शेअर ३८ टक्क्यांनी पडले. १२ चे ७.४४ झाले, एकूण १५.४४, आणि शेअरचा वाटा साठ टक्क्यांवरून अठ्ठेचाळीसवर आला. तो पुन्हा साठवर न्यायचा म्हणजे ठेवीतले १.८२ लाख काढून पडत्या बाजारात शेअर घ्यायचे. बाजार पूर्ववत झाला तेव्हा ज्याने काही केलं नाही त्याचे पुन्हा २० लाख झाले. ज्याने फिरवाफिरव केली त्याचे २१.१२ लाख. कुठला शेअर चांगला हे ओळखायची गरज पडली नाही. कागदावर किती सोपं आहे! प्रत्यक्षात मार्च २०२० मध्ये, टीव्हीवर रिकामे रस्ते दिसत असताना, एफडी मोडून शेअर घ्यायचे होते. म्हणून हे मनावर सोडू नये. वर्षातला एक दिवस ठरवावा आणि वाटा ठरल्यापेक्षा पाच टक्क्यांहून जास्त सरकला असेल तरच हात लावावा. वर्षातून एकदा पुष्कळ झालं. दर महिन्याला केलं तर अल्प मुदतीच्या नफ्यावर वीस टक्के कर भरण्यातच मजा निघून जाते. दीर्घ मुदतीच्या नफ्यावर जुलै २०२४ पासून वर्षाला सव्वा लाखापर्यंत कर नाही, त्यापुढे साडेबारा टक्के; त्या सव्वा लाखाच्या आत बसवता आलं तर सोन्याहून पिवळं. २००८ सारखी लांबलेली घसरण असेल तर ओतलेले पैसे पुन्हा पडतात, पुन्हा ओतावे लागतात, आणि दुसऱ्यांदा ओतताना बहुतेकांचा हात मागे येतो. म्हणून ठेवीतला जो भाग घरखर्चाचा आहे तो या खेळात मोजायचाच नाही. ती गंगाजळी.

निवृत्तांच्या बाबतीत गंगाजळीचं महत्त्व सरासरी परताव्याहून जास्त असतं. ५० लाखांच्या पुंजीतून दर वर्षाच्या सुरुवातीला ३ लाख काढायचे आहेत. पाच वर्षांचे परतावे उणे ३०, उणे ५, अधिक १५, २० आणि २५ टक्के, याच क्रमाने आले, तर पाच वर्षांनी ३५.६ लाख उरतात. हेच पाच आकडे उलट्या क्रमाने आले तर ४४.८ लाख. काहीही काढलं नसतं तर दोन्ही क्रमांत ५७.४ लाखच. सरासरी तीच, मिळकत तीच, फरक फक्त क्रमाचा, आणि क्रम कुणाच्याच हातात नसतो. हातात असतं ते इतकंच की वाईट वर्षांत शेअरला हात लावायची वेळ येऊ नये.

त्याच ५० लाखांची मांडणी अशी करता येते. १५ लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत: वर्षाला १.२३ लाख, म्हणजे दर तिमाहीला ३०,७५० हातात. तीन लाखांतले १.७७ लाख उरले. ६ लाख बँकेत, सुटसुटीत एफडींत. १२ लाख कमी मुदतीच्या डेट फंडांत किंवा पाच पायऱ्यांच्या एफडींत. उरलेले १७ लाख इंडेक्स फंडात. शेअर अर्धे झाले तरी ५० पैकी साडेआठ लाखांचा खड्डा पडतो, आणि ६ अधिक १२ असे १८ लाख वर्षाला १.७७ च्या दराने दहा वर्षं पुरतात. महागाई धरली तरी त्यावरचं व्याज बरंचसं भरून काढतं. २००८ ची जखम भरायला सहा वर्षंही लागली नव्हती. चूक होते ती चांगल्या वर्षांत. बाजार चढता असताना सहा लाखांची हौदी भरून घ्यायची असते, आणि नेमकं तेव्हाच वाटतं, आता कशाला विकायचं, अजून चढेल. मग हौदी कोरडी पडते आणि त्याच्या पुढच्या वर्षी बाजार. नियम आधीच लिहून ठेवावा: शेअर ज्या वर्षी दहा टक्क्यांहून जास्त चढले त्या वर्षाचा खर्च शेअरमधून, नाहीतर हौदीतून.

आपल्या मांडणीला हे झेपेल का हे पाहायची ग्वाल्हेरी पद्धत आहे. जयविलास महालाच्या दरबार हॉलमधली दोन झुंबरं प्रत्येकी साडेतीन टनांची. ती टांगण्याआधी छतावर हत्ती चढवून पाहिले, असं तिथला प्रत्येक गाइड सांगतो; कुणी आठ सांगतो, कुणी दहा. हत्ती आधी, झुंबर नंतर. कागदावर आपले शेअर निम्मे करा, सोनं तीन-चतुर्थांश करा, एफडी तशीच ठेवा, राहतं घर मोजूच नका. पगारही सहा महिने बंद धरा, कारण मंदीत नोकरी आणि शेअर एकदमच जातात. मग पुढच्या तीन वर्षांचा घरखर्च, हप्ते, फी आणि एक ऑपरेशन यांतून निघतं का बघा. निघत नसेल तर परतावा वाढवायच्या आधी आरोग्य विमा आणि मुदतीचा विमा घ्या. वीस हजारांचा हप्ता बारा टक्के परताव्याहून मोठं काम करतो.

आणि बीजक. पोर्टफोलिओ कितीही शहाणपणाने बांधला तरी तो एकाच माणसाच्या फोनमध्ये आणि डोक्यात असेल तर घरच्यांसाठी तो किल्ल्याच्या तळघरातच आहे. दहा वर्षं न हललेलं बँक खातं रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातं, सात वर्षं न उचललेल्या लाभांशाबरोबर शेअरही सरकारी निधीत जातात. परत मिळतात, पण अर्ज, नोटरी आणि वारसाचे दाखले यांत वर्ष-दोन वर्षं सहज जातात. बेवारस ठेवी शोधायला ऑगस्ट २०२३ पासून 'उद्गम' पोर्टल आहे. आपल्या आजोबांचं नाव एकदा टाकून पाहायला हरकत नाही. नॉमिनी सगळीकडे लावावा, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो फक्त पैसे ताब्यात घेणारा विश्वस्त. मालकी कुणाची हे मृत्युपत्र, नाहीतर वारसा कायदा ठरवतो, आणि नॉमिनी एक, वारस दुसरा असं राहिलं की भावाभावांत कोर्ट लागतं.

वर्षातला तो एक दिवस दिवाळी पाडवा ठेवावा. दाल बाजारातले व्यापारी त्या दिवशी नवी वही उघडतात. घरातही एक कागद नवा करावा, वर तारीख घालावी आणि जुना फाडून टाकावा. आयुष्यभर दुसऱ्यांचे ताळेबंद तपासलेल्या एजी ऑफिसच्या माणसाला हा कागद दोन रकान्यांत, सुरेख अक्षरात मांडावासा वाटेल. पण तो वाचणारी व्यक्ती त्या वेळी रडत असेल, तेव्हा सोप्या शब्दांत लिहावा: 'पोस्टाची तीन पासबुकं देवघराच्या खालच्या खणात. लॉकरची किल्ली हळदीच्या डब्यामागे. फंडांचा सगळा पत्रव्यवहार या ईमेलवर येतो, पासवर्ड धाकटीला सांगितला आहे. शेअर पडलेले असतील तर घाई करू नका, दोन वर्षांचा खर्च बँकेच्या एफडीत आहे.'